लाइक हजार, गटर मात्र तसंच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात राहता, काही वर्षांपासून गावाबद्दल ब्लॉग आणि फेसबुक पेजवर लिहिता: तुंबलेलं गटर, नळाचं पाणी, आरोग्य उपकेंद्र, पूररेषेतली बांधकामं. फोटोला हजारभर लाइक पडतात, 'भावा, एकच नंबर' म्हणून कमेंटी येतात, पण जाग्यावर काही हलत नाही. मित्र म्हणतात, लिहिणं सोड, रील्स कर. त्यात आता एका पुढाऱ्याच्या माणसाचा 'ती पोस्ट काढ' म्हणून फोन आलाय. आणि तुम्ही विचारताय, डिजिटल माध्यमात खरंच काही ताकद आहे, का आपण नुसतंच ओरडतोय?

मी कोल्हापुरात एका दैनिकाच्या तालुका डेस्कवर बरीच वर्षं काढली. नंतर नोकरी सोडून शहर-उपनगरांच्या कारभारावर स्वतःचा ब्लॉग सुरू केला, तो अजून चालू आहे. त्या अनुभवावरून सांगते. ताकद आहे, पण ती तुम्ही शोधताय तिथं नाही.

लाइक देणारे कोण आहेत ते एकदा यादी काढून बघा. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, शेजारच्या गावचे मित्र, सासरी गेलेल्या बहिणी, मामेभाऊ. त्यांना गावाची ओढ आहे म्हणून ते अंगठा दाबतात. ज्याच्या सहीनं गटर होणार त्या माणसानं पोस्ट वाचली तरी त्याला काही करावं लागत नाही. 'प्रशासन झोपलंय का?' या प्रश्नाला कार्यालयात उत्तरच नसतं. त्यावर आवक क्रमांक पडत नाही, फाइल उघडत नाही, साहेब विचारत नाहीत. तुमची पोहोच चांगली आहे. पण तुमच्या लिहिण्याला उत्तर देणं आज कुणालाच बंधनकारक नाही. खरा प्रश्न हा आहे, आणि तो रील्स करून सुटणार नाही.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या हद्दीतली गल्ली. गटराचं काम अर्धवट, पावसात पाणी उंबऱ्यापर्यंत. लोक रोज फोटो टाकत होते, कमेंटमध्ये शिव्या चालू होत्या. तिथल्या दोन पोरांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, फोटो थोडे दिवस थांबवा. माहिती अधिकारात तीनच कागद मागा: कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं, आणि ठेकेदाराला दिलेल्या अंतिम बिलाची प्रत. मोजमाप पुस्तिका म्हणजे कार्यालयात सगळे जिला एमबी म्हणतात ती. काम किती झालं हे इंजिनिअर त्यात लिहून सही करतो आणि त्यावरच बिल निघतं.

कागद आले. एमबीत लिहिलं होतं: गटर १८० मीटर, झाकणांसह. पोरांनी रविवारी सकाळी गल्लीत टेप धरला. गटर ११२ मीटरवर संपलं, आणि झाकणं पहिल्या काही घरांपुरतीच होती. मग त्यांनी पोस्ट टाकली. एमबीच्या पानाचा फोटो, टेपचा फोटो, वर्क ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, आणि खाली एक ओळ: 'उरलेले ६८ मीटर कुठे आहेत, हे बांधकाम विभागानं सांगावं.' एकही विशेषण नाही, कुणाचं नाव नाही, संतापाचा इमोजीसुद्धा नाही. तीच पोस्ट त्यांनी अर्जाला जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या टपालात दिली आणि पोच घेतली.

लाइक नेहमीपेक्षा कमी पडले. आकड्यांच्या पोस्टला पडतातच कमी. पण त्याच आठवड्यात कनिष्ठ अभियंता गल्लीत येऊन उभा राहिला. कारण त्या पोस्टमध्ये तीन जणांना आयता माल मिळाला होता. विरोधी बाजूच्या नगरसेवकाला सभेत विचारायला प्रश्न मिळाला, तोही कागदासकट. दैनिकाच्या वार्ताहराला पडताळणी झालेली बातमी मिळाली. आणि कार्यालयात सगळे ज्याला टरकून असतात त्या लेखापरीक्षणाच्या हातात पडेल असा कागद लोकांसमोर आला. पुढं गटर पूर्ण झालं. ठेकेदारावर कारवाई मात्र झाली नाही. विचारलं की 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर मिळतं. म्हणजे सगळं जिंकलं असं नाही. पण उंबऱ्यातलं पाणी थांबलं.

माझ्या मते डिजिटल लिहिण्याची खरी ताकद ही आहे: ज्याला प्रश्न विचारायचा अधिकार आहे त्याच्या हातात वापरता येईल असं काहीतरी देणं. तो नगरसेवक असेल, वकील असेल, आंदोलनाची कृती समिती असेल, ग्रामसभेत उठून बोलणारी एखादी मावशी असेल.

आपल्याच मातीतला जुना दाखला आहे. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. पाक्षिक होतं. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ज्या समाजासाठी ते निघत होतं त्यात वाचता येणारे किती असतील तेव्हा? लाइकच्या हिशेबात ते पत्र नापास. पण दोन महिन्यांच्या आत, २१ आणि २२ मार्चला, कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष, महाराज स्वतः हजर, आणि तिथंच त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. मूकनायक १९२३ मध्ये बंद पडलं. तोवर त्यानं जे शब्दांत मांडलं होतं ते माणसांनी हातात घेतलं होतं. पत्र एकटं असतं, परिषद नसती, तर आज आपण त्याचं नावही घेतलं नसतं असं मला वाटतं.

अलीकडचं बघायचं तर १५ ऑक्टोबर २०१६ चा कोल्हापूरचा मराठा क्रांती मोर्चा आठवा. घोषणा द्यायच्या नाहीत, पुढं मुली राहतील, मागं स्वयंसेवक कचरा उचलतील, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं मोबाइलनं मोर्चा काढला. पण तालुक्या-तालुक्यात बैठका झाल्या होत्या, तालमी-मंडळांनी पार्किंगपासून पाण्यापर्यंत कामं वाटून घेतली होती. मोबाइलनं निरोप पोहोचवला, आणि निरोप घ्यायला माणसं आधीच जोडलेली होती. टोलविरोधी आंदोलनाचंही तेच. शहरातला टोल २०१५ च्या डिसेंबरात रद्द झाला तो एन. डी. पाटील सरांसारखी माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर बसली म्हणून. फेसबुकवरच्या चित्रांनी वातावरण तापतं ठेवलं, ते श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही, पण तेवढंच.

आता तुमच्याच तालुक्यातलं, नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीचं प्रकरण. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ती गुजरातच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली आणि जिल्हाभर जो उद्रेक झाला तो तुम्ही जवळून पाहिला असेल. वनतारा ज्या उद्योगसमूहाचं आहे त्याच्याच मोबाइल कंपनीची सिमकार्डं पोर्ट करण्याची मोहीम, सह्यांची मोहीम, मग नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी मोर्चा. थोड्याच दिवसांत वनताराची मोठी माणसं इथं आली आणि नांदणी परिसरात केंद्र उभं करायची तयारी दाखवली. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाला गावच्या मठाशी बोलायला बसावं लागलं, ही ताकद नाही असं कोण म्हणेल?

पण त्यातल्या दोन गोष्टी माझ्या मते नीट बघायला हव्यात. एक, संताप कामाला आला कारण तो मोजता येईल अशा गोष्टीत उतरला. पोर्ट झालेलं सिम कंपनीच्या हिशेबात दिसतं, रडका इमोजी दिसत नाही. आणि न्यायालयाचा आदेश ट्रेंडनं फिरत नाही, शेवटी सगळ्यांना अर्ज-विनंत्यांच्या वाटेनंच जावं लागलं. दुसरी गोष्ट लोकांना आवडणार नाही. हत्तिणीच्या पायांच्या आणि तब्येतीच्या तक्रारी उच्चाधिकार समितीच्या अहवालात होत्या, न्यायालयानं त्यांचा विचार केला होता. आपल्याकडच्या किती पेजेसनी तो भाग छापला? फारच थोड्यांनी. लोकभावनेच्या बाजूनं लिहिणं सोपं असतं आणि त्या दिवसांत दुसरी बाजू लिहिणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागलं असतं हे मला माहीत आहे. तरीही ज्या पेजला उद्या पूररेषेवर विश्वासानं वाचलं जावं असं वाटतं, त्यानं अशा वेळी अहवाल काय म्हणतो ते चार ओळींत तरी द्यायला हवं होतं.

या ताकदीचं वाईट तोंडही कोल्हापूरनं पाहिलंय. जून २०२३ मध्ये काही जणांच्या मोबाइल स्टेटसवरून बंद पुकारला गेला, ७ तारखेला शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, आणि मग इंटरनेट बंद. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसला जातो. त्याचे स्क्रीनशॉट मात्र शहरभर फिरले, आणि फिरवणाऱ्या कितीजणांनी मूळ स्टेटस पाहिलं होतं? इंटरनेट बंद झालं तेव्हा अफवा थांबल्या असं म्हणतात. अफवा तोंडानंही फिरतात. थांबलं ते खुलासा करणाऱ्यांचं काम, कारण आमच्यासारख्यांकडे तेवढंच एक साधन होतं. म्हणून अशा दिवसांत माझा नियम साधा आहे: वादग्रस्त चित्र किंवा मजकूर निषेधासाठीसुद्धा पुन्हा दाखवायचा नाही, आणि पोलीस ठाण्यातून खात्री झाल्याशिवाय 'इथं असं चाललंय' लिहायचं नाही. दोन तास मागं पडलं तरी चालतं.

विश्वास कमवायची जागा आपल्याकडे दरवर्षी येते, ती म्हणजे पूर. शहरात लोक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटा-इंचात बोलतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. त्या दिवसांत 'धरणाचे सगळे दरवाजे उघडले, पळा' छापाचे मेसेज फिरतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक पाणी येतं. म्हणजे 'दरवाजे उघडले' ही अर्धीच बातमी आहे. सातपैकी किती, किती वाजता, एवढं लिहिलं की माणूस जनावरं हलवायची का नाही ते ठरवू शकतो. तुमच्याकडे कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरण. अलमट्टीवर मत नसलेला माणूस शिरोळ तालुक्यात सापडणार नाही, पण आज आवक किती, विसर्ग किती, हे रोज सकाळी एका जागी, वेळेसकट, कुठून घेतलं ते सांगून देणारं पेज मात्र दुर्मीळ. तुम्ही ते द्या. पुरात ज्याच्याकडे लोक पातळी बघायला येतात, त्याचं हिवाळ्यातलं गटरावरचं लिहिणंही लोक खरं धरतात. आणि अधिकारीही धरतात, हे मी पाहिलंय.

आता माहिती अधिकारात कागद कसे मागायचे ते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात मजकूर दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. 'काम का झालं नाही?' असं विचारलंत तर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येईल, कारण कायद्यानं ते कारण शोधून देणं लागत नाहीत, असलेला कागद देणं लागतात. म्हणून अशी भाषा ठेवा: 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदींची साक्षांकित प्रत मिळावी.' फाइल मोठी असेल तर प्रती मागण्याआधी अभिलेख बघायला मागा, पैसे वाचतात. आणि ग्रामपंचायतीचं असेल तर आधी ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा आणि खर्च तिथं घरबसल्या दिसतो. अर्ज न करता अर्धी गोष्ट हाताला लागते. मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक ठिकाणी होतात. पोस्ट त्याच्या चार-पाच दिवस आधी टाका आणि प्रिंट काढून दोन-तीन जणांच्या हातात द्या. इतिवृत्तात प्रश्नाची नोंद झाली पाहिजे, यावर हट्ट धरा.

हे सगळं करावं का आणि किती, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि ते मी इथं बसून ठरवू शकत नाही. शहरात माझ्यावर कुणी चिडलं तर चार दिवस फोन येतात आणि विषय मागं पडतो. गावात तसं नसतं. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याचा भाऊ सेवा संस्थेत असतो, मेहुणा दूध संस्थेत, आणि चुलता कारखान्याच्या शेती खात्यात. कुणी धमकी देत नाही, हात उगारत नाही. तुमच्या उसाची तोड मागं पडते, एवढंच. आजूबाजूचे फड मोकळे होतात आणि तुमचा ऊस तुरे काढून उभा. विचारलं तर 'टोळी नाही', 'पाळी लागली की येईल'. पीककर्जाच्या प्रकरणात एक कागद कायम कमी निघतो. हे सिद्ध करता येत नाही आणि सहनही होत नाही. घरात वडील शेती बघत असतील तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय मोठा विषय हातात घेऊ नका. किंमत त्यांनाही मोजावी लागेल, मग निर्णयातही त्यांना घ्या. लिहिणारी बाई असेल तर किंमत आणखी वेगळी, तिच्या लिहिण्यावर कुणी बोलत नाही, तिच्यावर बोलतात. अशा कमेंटी पुसायच्या आधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्यायचे आणि सायबर पोलिसांकडे लेखी द्यायचं, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशीच सांगते.

शक्यतो एकट्यानं लिहू नका. चार-पाच जणांचं पेज, त्यात वेगवेगळ्या गल्लीचे, वेगवेगळ्या भावकीचे, जमलं तर वेगवेगळ्या पक्षाचेही. कुणा एकाची तोड अडवून मग फायदा होत नाही.

'पोस्ट काढ' म्हणून फोन आला त्याबद्दल. घाबरून काढू नका आणि ताठ्यानं ठेवूही नका. त्याला शांतपणे विचारा, 'यातलं नेमकं काय चुकीचं आहे ते लेखी पाठवा, बरोबर असेल तर त्याच पोस्टमध्ये दुरुस्ती करतो.' दहातल्या नऊ वेळा लेखी काही येत नाही. आलं आणि खरंच चूक असेल तर तारीख टाकून दुरुस्ती लावायची, गुपचूप बदलायचं नाही. असल्या फोनवर 'आयटी अ‍ॅक्ट लावू' हे वाक्य हमखास असतं. पूर्वी ज्या कलमाखाली लोकांना उचलायचे ते ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, त्यानंतरच ते कलम न्यायालयात गेलं. पण म्हणजे काहीही लिहायला मोकळीक असं नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून उचलून नेऊ शकत नाहीत. तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. बचाव आहे, पण त्याला दोन पाय आहेत: मजकूर खरा असला पाहिजे आणि तो छापणं लोकहिताचं असलं पाहिजे. एमबीचं पान दोन्हीत बसतं. सरपंचाच्या मुलाचं लग्न किती खर्चाचं झालं हे खरं असलं तरी दुसऱ्यात बसत नाही. दोन समाजांत तेढ वाढवल्याचं कलम १९६ मात्र दखलपात्र आहे; तिथं गंमत म्हणून फॉरवर्ड केलं हे कारण पुरत नाही. तुम्ही ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर सदस्याच्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून तुम्हाला जबाबदार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. तरी घाण मेसेज दिसला की काढा.

कागद तपासण्याबद्दल कोल्हापूरनं देशाला एक धडा दिलाय, तो आपणच विसरलोय. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण. इथल्या अल्पवयीन छत्रपतींना वाईट वागणूक मिळते म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'नं दिवाण बर्वे यांच्यावर कडक लिहिलं. आधार होता बर्व्यांच्या नावावरच्या पत्रांचा. ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. बाहेर आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं हे खरं, पण कागद खोटे होते ते होतेच. आज तर कुणीही मोबाइलवर शिक्का-सहीचं पत्र बनवू शकतो. निवडणुकीच्या तोंडावर तुमच्याकडे 'गुप्त पत्र' येईल, विरोधी गटाकडूनच येईल, आणि ते तुम्हाला हवं तेच म्हणत असेल. अशा वेळी जावक क्रमांक बघा आणि तो त्या कार्यालयाच्या जावक नोंदवहीत आहे का ते विचारा. बहुतेक वेळा तिथंच पितळ उघडं पडतं.

रील्सचं उत्तर लहान आहे. जरूर करा. पंधरा सेकंदांत टेप गल्लीत कुठं संपला हे दाखवायला रीलइतकं चांगलं काही नाही. पण रील चार दिवसांत खाली जातं आणि दोन वर्षांनी कुणाला सापडत नाही. ब्लॉगवरचं युनिकोडमधलं मराठी मात्र गावाचं नाव टाकून शोधलं की वर येतं. नवा तहसीलदार रुजू होतो, नवा इंजिनिअर येतो, वार्ताहर बदलतो, ते सगळे आधी गावाचं नाव शोधतात. त्यांना तुमची जुनी पोस्ट सापडली पाहिजे. म्हणून मूळ मजकूर ब्लॉगवर ठेवा, जमलं तर स्वतःच्या डोमेनवर, आणि रीलमधून तिकडं पाठवा. फेसबुक पेज दहा-वीस जणांनी मिळून रिपोर्ट केलं तरी अडकू शकतं. महत्त्वाच्या पानाची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हवर जतन करून ठेवा, फुकट आहे.

पैशाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण येईल. पेज वाढलं की पहिली जाहिरात क्लासची येते, दुसरी दवाखान्याची, आणि तिसरी कुणा साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची. पहिल्या दोन घ्या. वाढदिवसाची घेतलीत की पुढच्या वर्षी ते स्वतःहून देतील, तुम्ही नाही म्हणालात तर रुसतील, आणि मधल्या काळात त्यांच्या संस्थेबद्दल काही लिहायची वेळ आली की तुमचीच बोटं अडखळतील. आमच्या जिल्ह्यातली निम्मी पोर्टलं या एका जाहिरातीनं गप्प बसलीत, असं माझं मत आहे.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर पूररेषेपासून नको, तो मोठा विषय आहे आणि त्यात जमिनीचे व्यवहार आहेत. आरोग्य उपकेंद्र घ्या. तुमची ती कुलुपाच्या फोटोची पोस्ट मी पाहिली. कुलूप खरं आहे, पण खाली लोकांनी नर्सबाईंना नावानिशी धुतलंय, ते आधी काढा. एक बाई कधी कधी दोन-दोन, तीन-तीन गावं सांभाळत असते आणि तुम्ही फोटो काढला तेव्हा ती लसीकरणाला शेजारच्या गावात असू शकते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे त्या उपकेंद्राची मंजूर पदं, भरलेली पदं आणि मागच्या सहा महिन्यांच्या फिरतीच्या कार्यक्रमाची प्रत मागा. पद रिकामं निघालं तर तुमची पोस्ट त्या बाईंच्या बाजूची होईल, आणि गावातल्या पहिल्या कागदाच्या पोस्टला ते चांगलं. अर्जाचा मसुदा केलात की इथं टाका, नाव-पत्ता झाकून. दीडशे शब्दांत बसवून देते.